खाऊ ओळखीचा, रूप नवे : सुरुवात मात्र शेतातून



गणेशोत्सवात मिठाईच्या दुकानांत चॉकलेटचे मोदक दिसतात. लग्नाच्या जेवणात भेळेच्या जागी ज्वारीच्या लाह्यांची चटपटीत भेळ ठेवतात. नाचणीचा केक, ज्वारीचा पिझ्झा, हुरड्याचे कटलेट, बाजरीची बिस्किटे असे नवनवे प्रकार कृषी प्रदर्शनांच्या दालनांत मांडलेले आपण पाहतो. ओळखीच्या पदार्थाला थोडे गमतीचे रूप द्यावे, ते मुलांनी हौसेने खावे, अशी यामागची कल्पना आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून साजरे केले. त्यानंतर या पदार्थांची चर्चा अधिकच वाढली.

काही जुन्या मंडळींना हे खूळ वाटते. तसे पाहिले तर खाऊचे रूप बदलणे आपल्याला नवीन नाही. शेंगदाण्याची चिक्की आपण आपलीच मानतो, पण भुईमूग मुळात दक्षिण अमेरिकेतला. उपवासाची साबुदाण्याची खिचडी आपल्या देवघरापर्यंत पोहोचली, तो साबुदाणा टॅपिओका या परदेशी कंदापासून होतो आणि तिच्यातील बटाटा, मिरची व शेंगदाणाही परदेशीच. तेव्हा नव्या रूपाला नावे ठेवण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की, या नव्या रूपात आपल्या शेतातील धान्याला खरोखर स्थान मिळते की ते केवळ नावापुरते राहते?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. रब्बी ज्वारीचे क्षेत्र आपल्या राज्यात वर्षानुवर्षे घटत आले आहे. काढणीला मजूर मिळत नाहीत, भाव परवडत नाही आणि घरातली मुले भाकरी बाजूला सारून पाकिटातला खाऊ मागतात. ज्वारी गेली की तिच्याबरोबर जनावरांचा कडबाही जातो. खाऊच्या निमित्ताने या धान्याला चांगले गिऱ्हाईक मिळाले तर ते हवेच आहे. त्यासाठी कोणत्या पदार्थाला धान्याचा कोणता गुण लागतो, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. प्रस्तुत लेखात त्याचीच माहिती दिली आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी एका गावातील महिला बचत गटाने ज्वारीच्या लाह्या, शेंगदाणे व गूळ यांचे लाडू करून त्यांना वरून चॉकलेटची टोपी घातली. 'टोपीवाला लाडू' हे नाव मुलांना फार आवडले. तालुक्याच्या प्रदर्शनात पहिल्या दिवशी सर्व माल संपला. उत्साहाने गटाने उसनवारी करून दुप्पट माल केला. तिसऱ्या दिवशी तक्रारी सुरू झाल्या. लाडू मऊ पडले होते आणि त्यात गणंग इतके होते की एका आजोबांचा दात दुखावला. उरलेला माल परत न्यावा लागला आणि घातलेले पैसे बुडाले.

या लाडवाची कृती गटाला मीच सुचवली होती. प्रमाण सांगितले, आकार सांगितला, परंतु ज्वारी कोणती वापरणार हे मी विचारलेच नाही. गटाने बाजारातून मिळेल ती, चार ठिकाणची मिसळलेली ज्वारी आणली होती. कृषिविद्या शिकवणाऱ्या माणसाकडून ही चूक व्हायला नको होती. पुढील माहिती त्या चुकीतून शिकलेली आहे.

लाह्या का फुलतात?

लाही फुलते ती दाण्यातल्या पाण्यामुळे. दाणा तापला की आतील ओलाव्याची वाफ होते. बाहेरचे साल घट्ट व अखंड असेल तर वाफ कोंडली जाते, दाब वाढतो, आतील पिष्ट मऊ होते आणि साल फुटताच ते फुलून बाहेर येते. यावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात.

१) वाण : सर्व ज्वारी सारखी फुलत नाही. महात्मा फुले कृषी विद्यापीठाने खास लाह्यांसाठी 'फुले पंचमी' हा वाण दिला आहे. नागपंचमीला लाह्या करण्याची आपली रीत या नावातून आठवते. भाकरीसाठी मालदांडी ३५-१ उत्तम, म्हणून ती लाह्यांनाही तितकीच उत्तम असेल असे गृहीत धरू नये.

२) मळणी : साल चिरलेला दाणा फुलत नाही, कारण वाफ चिरेतून निघून जाते. मळणीयंत्राचा वेग जास्त ठेवला किंवा कणसे फार कडक वाळलेली असली की दाणे चिरतात. लाह्यांच्या ज्वारीची मळणी यंत्राचा वेग कमी ठेवून वेगळी करावी. थोडाच माल असेल तर काठीने बडवून करावी. पावसात सापडून काळा पडलेला दाणा वगळावा.

३) ओलावा : साठवणीसाठी धान्य चांगले वाळलेलेच हवे. परंतु इतका कोरडा दाणा लाहीला चालत नाही. म्हणून लाह्या करण्याच्या आदल्या दिवशी त्याला थोडा ओलावा परत द्यावा लागतो.

लाह्यांची कृती : ज्वारी चाळून, निवडून घ्यावी. गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवून पूर्ण निथळावी आणि जाड कापडात बांधून रात्रभर ठेवावी. सकाळी सावलीत पसरावी. दाणा वरून कोरडा, पण दाताखाली किंचित चिवट लागला की तयार समजावे. लोखंडी कढई चांगली तापवून एका वेळी मूठभरच ज्वारी टाकावी व कापडाच्या बोळ्याने सतत फिरवावी.

शंभर दाण्यांची परीक्षा : पोते विकत घेण्यापूर्वी शंभर दाणे मोजून वरीलप्रमाणे तयार करावेत व भाजून पाहावेत. फुललेले व गणंग वेगळे मोजावेत. दोन-तीन ठिकाणच्या ज्वारीची अशी परीक्षा केली की फरक डोळ्यांना दिसतो. लाही बारीक व कडक झाली तर ओलावा कमी पडला. दाणा नुसताच फुटून चिवट राहिला तर ओलावा जास्त झाला. त्याप्रमाणे सावलीत ठेवण्याची वेळ कमी-अधिक करावी. या परीक्षेला पैसा लागत नाही.

पाक आणि मऊ पडणारे लाडू

गणंगांचे कारण ज्वारीत होते. लाडू मऊ पडले ते मात्र पाकामुळे. गूळ हवेतील ओलावा ओढतो. पाक कच्चा राहिला तर पाकातलेच पाणी हळूहळू लाहीत उतरते. शिवाय त्या गटाने घाईत लाडू कोमट असतानाच पाकिटात भरले होते. आतल्या वाफेचे पाणी झाले आणि लाह्या नरम पडल्या.

लाह्या १०० ग्रॅम, भाजून भरडलेले शेंगदाणे ५० ग्रॅम, गूळ १५० ग्रॅम व तूप एक चमचा असे प्रमाण घ्यावे. गुळात अगदी थोडे पाणी घालून मंद आचेवर पाक करावा. थेंब थंड पाण्यात टाकल्यावर त्याची नुसती मऊ गोळी होऊन भागत नाही. तो कडक होऊन मोडताना खट्ट असा आवाज आला पाहिजे. लाह्या व शेंगदाणे पाकात घालून लगेच ढवळावे आणि हाताला तूप लावून लाडू वळावेत. ते पूर्ण गार झाल्यावरच चॉकलेट वितळवून टोपी घालावी व चॉकलेट घट्ट झाल्यावर हवाबंद पाकिटात भरावे. उन्हाळ्यात चॉकलेट वितळते, म्हणून टोपीचा लाडू हिवाळ्यातच विकावा. उन्हाळ्यात टोपीऐवजी भाजलेले तीळ लावावेत.

पिठाची विरी आणि योग्य पदार्थाची निवड

ज्वारी व नाचणीच्या पिठापासून पाव, केक किंवा पिझ्झा करताना अनेक भगिनींची निराशा होते. पदार्थ फुगत नाही, त्याला चिरा पडतात. त्यांच्या हाताला दोष देण्याचे कारण नाही. गव्हात ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. पीठ मळले की त्याची लवचीक जाळी तयार होते व ती हवा धरून ठेवते. ज्वारी, बाजरी व नाचणीत ही जाळी होत नाही. म्हणूनच आपण भाकरी लाटत नाही, थापतो. पीठ जुने होऊन त्याची विरी गेली की उकळते पाणी घालून मळतो. उकळत्या पाण्याने पिष्ट फुगून चिकट होते व पीठ एकत्र धरले जाते. हेच ज्ञान नव्या खाऊसाठी वापरावयाचे आहे.

यात दोन मार्ग आहेत. पहिला, उकड काढून पदार्थ करणे. दुसरा, ज्या पदार्थाला विरी लागतच नाही असा पदार्थ निवडणे.

ज्वारीची चकली : दीड वाटी पाण्यात दोन मोठे चमचे तेल, मीठ, तिखट, तीळ व ओवा घालून उकळावे. आच बंद करून दोन वाट्या ज्वारीचे ताजे पीठ व पाव वाटी भाजलेल्या उडीद डाळीचे पीठ घालून ढवळावे आणि दहा-पंधरा मिनिटे झाकून ठेवावे. कोमट असतानाच भरपूर मळावे व सोऱ्यातून चकल्या पाडाव्यात. लागल्यास मळताना पाण्याचा हात घ्यावा. मोहन जास्त झाले तर चकली तेलात विरघळते, कमी झाले तर कडक होते. याच पिठाची सोऱ्यातून कांडी पाडून मुलांसाठी इंग्रजी वा मराठी अक्षरे करता येतात. अक्षर ओळखून खाण्यात मुलांना मोठी मौज वाटते.

नाचणीची नानकटाई : नानकटाई मुळातच खुसखुशीत, तोंडात विरघळणारी असावी लागते. म्हणजे पाव करताना नाचणीचा जो उणेपणा जाणवतो, तोच येथे गुण ठरतो. नाचणी बारा तास भिजवून, कापडात बांधून एक दिवस मोड आणावेत. नंतर ती पूर्ण वाळवून मंद भाजावी व दळून बारीक चाळावी. हे पीठ १०० ग्रॅम, गव्हाचे पीठ १०० ग्रॅम, तूप १०० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम व थोडी वेलची घ्यावी. तूप व साखर हलके होईपर्यंत फेसून त्यात पीठ मिसळावे. गोळा बांधला जात नसेल तर चमचाभर दूध घालावे. साधारण १६० ते १७० अंश सेल्सिअस तापमानाला १५ ते २० मिनिटे भाजावे. नाचणीचा मूळ रंगच तांबूस असल्याने भाजल्याचा रंग कळत नाही. म्हणून कडेला बोट लावून व वासावरून अंदाज घ्यावा.

नाचणीच्या १०० ग्रॅम दाण्यात सुमारे ३४० ते ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. आपल्या नेहमीच्या तृणधान्यांत हे प्रमाण सर्वांत जास्त आहे. बाजरीचे पीठ वापरावयाचे असल्यास एक काळजी घ्यावी. बाजरीत स्निग्धांश जास्त असल्याने दळलेले पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते. चार-पाच दिवसांत संपेल एवढेच दळावे.

हुरडा : थोड्या दिवसांचा पाहुणा

हुरड्याच्या सहली आता शहरातील मंडळींच्या अंगवळणी पडल्या आहेत. आगटीत भाजलेली कणसे, हातावर चोळलेला गरम हुरडा आणि शेंगदाण्याची वा लसूण-खोबऱ्याची चटणी हा मूळ थाट सोडू नये. त्याच्या जोडीला हुरड्याची भेळ, थालीपीठ, कटलेट असे प्रकार ठेवता येतात. हुरड्यासाठी दाणे गोड, मऊ व बोंडातून सहज सुटणारे हवेत. 'फुले उत्तरा', 'फुले मधुर' व 'परभणी वसंत' हे वाण त्यासाठी दिलेले आहेत.

दाणा हुरड्याच्या अवस्थेत फार थोडे दिवस राहतो. नंतर गोडी कमी होऊन दाणा पिठाळ व कडक होतो. म्हणून एकाच दिवशी सर्व पेरणी न करता, पेरणीच्या शिफारशीत काळात आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीन तुकडे पेरावेत. त्यामुळे पाहुण्यांना अधिक दिवस ताजा हुरडा देता येतो. कणसे कापल्यानंतर बुडातून येणारे कोवळे फुटवे जनावरांना घालू नयेत. कोवळ्या ज्वारीत विषारी हायड्रोसायनिक आम्ल तयार करणारा घटक असतो.

दहा गुंठ्यांचे नियोजन

खाऊसाठी वेगळा वाण घ्यावयाचा म्हणजे सर्व रान त्यात घालावे असे नाही. प्रथम दहा गुंठे पुरेत. रब्बी ज्वारीला हेक्टरी १० किलो बियाणे लागते, म्हणजे दहा गुंठ्यांस १ किलो. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात ४५ × १५ सें.मी. अंतरावर करावी. शेजारच्या दुसऱ्या वाणाशी परागीकरण होऊन भेसळ होऊ नये म्हणून शक्य तितके अंतर ठेवावे. पुढील वर्षीचे बियाणे तुकड्याच्या मधल्या भागातील, एकसारख्या निरोगी कणसांचे राखावे. काढणी, मळणी व पोती वेगळी ठेवावीत.

एक सूचना सर्वांनी कटाक्षाने पाळावी. काणी रोगासाठी बियाण्यास गंधक चोळलेले असते. पेरून उरलेले असे बियाणे वा कीडनाशक पावडर लावलेले धान्य खाऊसाठी कधीही वापरू नये.

हिशेब असा मांडावा

खालील भाव केवळ उदाहरणादाखल आहेत. आपल्या गावचे भाव घालून हिशेब पुन्हा मांडावा. तीन किलो लाडवांसाठी समजा :

ज्वारी १.४ किलो – ७० रुपये
गूळ १.५ किलो – ९० रुपये
शेंगदाणे अर्धा किलो – ७० रुपये
तूप – ५० रुपये
चॉकलेट ३०० ग्रॅम – १५० रुपये
इंधन – ४० रुपये
पाकिटे व लेबल – १२० रुपये
दोघींची अर्ध्या दिवसाची मजुरी – ३०० रुपये
एकूण – ८९० रुपये

शंभर ग्रॅमची ३० पाकिटे होतील, त्यातील तीन फुटतूट धरावी. २७ पाकिटांवर खर्च वाटला तर प्रत्येकी सुमारे ३३ रुपये पडतात. वाहतूक व दुकानदाराचे कमिशन यावर वेगळे.

या हिशेबातून दोन गोष्टी ध्यानात येतात. भगिनी बहुधा स्वतःची मजुरी धरतच नाहीत. ती न धरता काढलेला नफा म्हणजे आपलीच मजुरी आपण गिऱ्हाईकाला फुकट देणे होय. दुसरी गोष्ट शेतकऱ्यांसाठी आहे. ८९० रुपयांत ज्वारीचे केवळ ७० रुपये आहेत, म्हणजे शंभरात जेमतेम आठ. गटाने लाह्यांच्या शुद्ध ज्वारीला दुप्पट भाव दिला तरी पाकिटामागे अडीच-पावणेतीन रुपयेच वाढतात. उलट ७० रुपयांच्या धान्यात कसर केली तर उरलेले ८२० रुपये धोक्यात येतात. त्या गटाचे नेमके हेच झाले. तेव्हा शुद्ध व न चिरलेले धान्य पिकवणाऱ्याने योग्य भाव मागण्यास आणि गटाने तो देण्यास संकोच करू नये. पेरणीपूर्वीच दोघांनी बसून किती माल व कोणत्या भावाने हे ठरवावे.

पाकिटावर खरे लिहावे

विक्रीसाठी अन्नपदार्थ करणाऱ्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो. पाकिटावर पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, उत्पादनाची तारीख, किती दिवसांत वापरावे, उत्पादकाचा पत्ता, नोंदणी क्रमांक व शाकाहारी चिन्ह असावे. शेंगदाण्याने काहींना त्रास होतो, म्हणून त्याचा स्पष्ट उल्लेख करावा.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावयाचे असतात. आपल्या लाडवात सर्वांत जास्त गूळ आहे, म्हणून गुळाचे नाव आधी येईल. ते लपवू नये. ज्वारीचा आहे म्हणून हा लाडू मधुमेहाच्या रुग्णाने हवा तेवढा खावा, असे सांगणे चुकीचे व धोक्याचे आहे. तळलेली चकलीही ज्वारीची असली तरी तळलेलीच असते. तसेच 'ग्लुटेनमुक्त' हा शब्द परस्पर छापू नये. ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांना गव्हाचा अंशही बाधतो आणि आपण ज्या गिरणीत ज्वारी दळतो तीत आधी गहू दळलेला असतो. बाजारात मूठभर ज्वारी घालून 'ज्वारीचे' म्हणून विकले जाणारे पदार्थ पाहून आपणच नाराज होतो. मग आपल्या पाकिटाने तरी तसे करू नये.

थोडक्यात

१) प्रथम एकच पदार्थ निवडावा. ज्या पदार्थात धान्याचा स्वाभाविक गुण उपयोगी पडतो तोच घ्यावा.
२) एका वेळी एकच बदल करावा. वाण, पाक व पाकीट एकदम बदलले तर चूक कोठे झाली ते कळत नाही.
३) लाह्यांसाठी शंभर दाण्यांची परीक्षा केल्याशिवाय धान्य घेऊ नये.
४) पहिला माल पाकिटात भरून घरी पंधरा दिवस ठेवावा. रोज एक पाकीट फोडून चव पाहावी आणि मगच विक्रीस काढावा.
५) मजुरी धरून हिशेब लिहावा.

वर सांगितलेल्या गटाने तो व्यवसाय सोडला नाही. पुढल्या हंगामात गटातील एका भगिनीच्या घरच्यांनी दहा गुंठे लाह्यांची ज्वारी वेगळी पेरली व काठीने मळली. त्या वेळी शंभर दाण्यांची परीक्षा त्यांनी माझ्यासमोर केली आणि गणंग चिमटीत मावले. आता त्या प्रदर्शनात पहिल्या दिवशी मोजकाच माल नेतात. उसनवारी फिटली आहे. लाडवावरची टोपी मुलांना बोलावते, हे खरेच. मुले दुसऱ्यांदा येतात ती मात्र दाताखाली खडा न येणाऱ्या, कुरकुरीत लाहीसाठी. ती लाही आपल्या रानात पिकते. येत्या रब्बीची पेरणी करण्यापूर्वी घरातील भगिनींना एवढे जरूर विचारावे, 'यंदा खाऊसाठी कोणती ज्वारी पेरू?'